मिरजेच्या दरबारातील एक शिष्यवृत्ती

हुपरीचे नाव उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे ते चांदीसाठी. येथे घडलेले पैंजण दूरदूरच्या नववधूंच्या पायांत वाजतात, आणि त्या घुंगरांचा पहिला नाद आमच्या गल्लीबोळांतील लहानलहान घरांतून उठतो, याचा येथील माणसाला सार्थ अभिमान आहे. परंतु नादाचे दुसरे एक मोठे वैभव या गावाच्या पंचक्रोशीबाहेर लगेच सुरू होते, त्याची आठवण आपण क्वचितच काढतो. एका बाजूस इचलकरंजी, थोडे पुढे कुरुंदवाड आणि नृसिंहवाडी, कृष्णा ओलांडली की मिरज आणि सांगली, आणि दुसऱ्या बाजूस कोल्हापूर. बैलगाडीच्या काळात एकदोन मुक्कामांत पायाखाली घालता येईल एवढाच हा मुलूख. पण हिंदुस्थानी संगीताचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास लिहावयाचा म्हटले तर या चिमुकल्या मुलखाला वगळून एक पानही पुरे होणार नाही.

असे का झाले? येथील हवापाण्यात सूर आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. गोड गळ्याची मुले कोणत्या गावात नसतात? शाळेच्या प्रार्थनेत, भजनी मंडळात, पेठेतल्या मेळ्यात असा एखादा आवाज हटकून सापडतो. गळा देव देतो. पण त्या गळ्याचा गवई व्हावयाचा तर आठनऊ वर्षे अहोरात्र मेहनत करावी लागते, आणि त्या आठनऊ वर्षांत तो मुलगा घरात एक पैसाही आणीत नाही. उलट दोन्ही वेळच्या भाकरीला तो असतोच. चौदाव्या वर्षी चांदीच्या भट्टीपाशी बसलेला मुलगा वर्षभरात घराला हातभार लावू लागतो. तंबोऱ्यापाशी बसलेला मुलगा चोविसाव्या वर्षापर्यंत घराचे खातो. तेव्हा खरा प्रश्न गळ्याचा नसून भाकरीचा आहे, आणि या मुलखात काही काळ त्या प्रश्नाला बरे उत्तर मिळाले, म्हणून येथे गवई झाले.

आपल्या भाषेतील ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. वृत्ती म्हणजे उपजीविका. शिष्याच्या पोटाची सोय ती शिष्यवृत्ती. आणि वृत्ती म्हणजे मनाची ठेवणही. शिष्याने शिष्यासारखे असावे तीही शिष्यवृत्तीच. पहिल्या अर्थाची शिष्यवृत्ती देणारा भेटला नाही, तर दुसऱ्या अर्थाच्या शिष्यवृत्तीवर केवढा भार पडतो, हे पाहावयाचे असेल तर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे चरित्र आठवावे.

बाळकृष्णबुवांचा जन्म १८४९ चा. त्यांना गाणे शिकावयाचे होते, आणि जे शिकावयाचे होते ते त्या काळी दक्षिणेत नव्हते. ते ग्वाल्हेरीकडे होते. दरबाराची सनद नाही, सावकाराची हुंडी नाही, अशा अवस्थेत हा तरुण घर सोडून निघाला. धारला देवजीबुवा परांजप्यांच्या घरी राहून त्यांनी काही विद्या मिळवली. पुढे ग्वाल्हेर घराण्याचे थोर गवई हस्सू खाँ यांचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्या पायाशी ते गेले. गुरूच्या घरी राहून शिकणे म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगून पटणार नाही. पाणी भरावे, लाकडे फोडावीत, निरोप पोहोचवावेत, गुरुपत्नीची मर्जी सांभाळावी, आणि इतके करून गुरूची लहर लागेल तेव्हा जे चार सूर कानावर पडतील ते गोळा करावेत. गुरुगृही घरच्यांची मर्जी फिरली की शिष्याला बिऱ्हाड उचलावे लागे. बाळकृष्णबुवांनाही तसा प्रसंग आला. काशीपर्यंत वणवण झाली आणि तेथेच गुरूशिष्यांची पुन्हा गाठ पडून शिक्षण पुढे चालू झाले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. या तपश्चर्येतून त्यांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणली, म्हणून आपण त्यांना वंदन करतो. परंतु वंदन करताना एक विचार मनात येतो. त्यांच्यासारखेच घर सोडून निघालेले आणि वाटेतच तापाने, उपासाने किंवा अपमानाने परतलेले असे किती जण असतील? त्यांची नावे कोणत्याही चरित्रात येत नाहीत.

बाळकृष्णबुवांना दम्याचा विकार होता. मुंबईची दमट हवा मानवेना, म्हणून ते आपल्या भागात परत आले. मिरजेस राहिले आणि पुढे इचलकरंजीच्या जहागीरदारांच्या आश्रयाला गेले. ते मिरजेस असतानाच तेथील दरबारात एक गोष्ट घडली. त्या वेळी कोणालाही ती लहानच वाटली असेल.

कुरुंदवाडचे दिगंबर गोपाळ पलुसकर हे कीर्तनकार. त्यांचा मुलगा विष्णू, जन्म १८ ऑगस्ट १८७२. मुलगा हुशार, इंग्रजी शाळेत जाणारा. शिकून कोठेतरी नोकरीला लागेल अशी घरच्यांची अपेक्षा. दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकाम उडवताना त्याच्या तोंडाजवळ स्फोट झाला आणि डोळे भाजले. आज दिवाळीत मुलांच्या हाती फुलबाज्या देताना आईबापांनी ही गोष्ट अवश्य आठवावी. उपचारासाठी त्याला मिरजेस आणले. मिरजेच्या डॉक्टर भडभड्यांनी शक्य तेवढे केले, पण दृष्टी मंदावली ती मंदावलीच. पुस्तके मिटली. ज्याला अक्षर दिसत नाही अशा मुलाचे पुढे काय करावयाचे? मुलाचा आवाज गोड आहे, त्याला गाणे शिकवावे, असे डॉक्टरांनी सुचवले. आणि मिरजेचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पटवर्धन यांनी ते मनावर घेतले. त्यांनी मुलाला बाळकृष्णबुवांच्या हाती सोपवले आणि त्याच्या राहण्याजेवणाचा व शिक्षणाचा भार संस्थानाने उचलला. बाळकृष्णबुवांना ज्यासाठी धार, ग्वाल्हेर आणि काशी पायी तुडवावी लागली, ते त्यांच्या या शिष्याला घरापासून काही कोसांवर, पोटाची चिंता न करता मिळाले.

हा आश्रय आठनऊ वर्षे टिकला, हे येथे मुद्दाम लक्षात घ्यावे. संस्थानिकाची लहर म्हणून दिलेली बिदागी एका मैफलीपुरती असते. शाल पांघरली, नारळ दिला, संपले. येथे वर्षामागून वर्षे कोणीतरी न विसरता खर्च मंजूर करीत होते आणि त्या बदल्यात लगेच दाखवण्यासारखे काहीही हाती येत नव्हते. ख्याल शिकणारा मुलगा दुसऱ्या वर्षी कसा गातो? स्वर लावतो, पलटे घोकतो, एकच बंदिश महिनोन्‌महिने म्हणतो. त्याला दरबारात बसवून पाहुण्यांपुढे मिरवावे असे त्यात काही नसते. पाटावर बसणाऱ्याला पान वाढणे सोपे. बी पेरून नऊ वर्षे पाणी घालणे कठीण. मिरजेच्या दरबाराने ते पाणी घातले.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. आश्रय मिळाला तरी गवयाला मान मिळत होता असे नाही. विष्णुपंतांच्या चरित्रात एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. मिरजेत एक समारंभ होता. गावच्या प्रतिष्ठितांना आमंत्रणे गेली. दरबारच्या मर्जीतला म्हणून तरुण विष्णुपंतांनाही आमंत्रण आले. परंतु त्यांचे गुरू बाळकृष्णबुवा यांना नव्हते. चौकशी करता समजले की गवयांना अशा ठिकाणी बोलावण्याची चालच नाही. ज्या विद्येसाठी दरबार खर्च करीत होता, त्या विद्येचा सागर असलेला माणूस दरबारच्या पंगतीला चालत नव्हता! हे शल्य विष्णुपंतांच्या मनात खोल गेले, आणि १८९६ साली त्यांनी मिरज सोडली.

वाचकहो, या प्रसंगी दोन प्रकारची माणसे संभवतात. एक म्हणेल, ज्यांचे अन्न खाल्ले त्यांच्याविरुद्ध बोलू नये, खाली मान घालून राहावे. दुसरा म्हणेल, यांनी गुरूचा अपमान केला, यांचे आता नाव घेणार नाही. विष्णुपंतांनी यांतले काहीच केले नाही. मिंधेपणाने ते राहिले नाहीत आणि कृतघ्नही झाले नाहीत. दरबाराचे ऋण दरबारात बसून फिटणारे नाही, ते दुसऱ्या कोणाला तरी पोचते करावे लागेल, असा जणू हिशेब त्यांनी मनाशी मांडला. सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा प्रवास करीत ते पंजाबात पोहोचले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. फी भरील त्या कोणालाही तेथे प्रवेश होता. गाणे हे राजाच्या दिवाणखान्यातून आणि उस्तादाच्या कोठडीतून काढून शाळेच्या फळ्यावर आणले, हे त्यांचे मोठे काम म्हणून इतिहासकार सांगतात, आणि ते खरेच आहे.

परंतु माझ्यासारख्या शाळामास्तराला त्या शाळेतला एक वेगळा वर्ग अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याचे नाव ‘उपदेशक वर्ग’. फी देऊन संध्याकाळी तासभर शिकणारे हौशी विद्यार्थी पुष्कळ मिळतील, पण शिकवणारे कोठून आणावयाचे? म्हणून विष्णुपंतांनी होतकरू मुले निवडून आपल्याजवळ ठेवून घेतली. राहणे, जेवण, कपडे आणि विद्या, सर्व फुकट. त्याबदली मुलाने नऊ वर्षे शिक्षण पुरे करावयाचे, असा करार आईबापांकडून लिहून घेतला जाई. पहाटेपासून रात्रीपर्यंत दिनक्रम बांधलेला. शिस्त कडक, पण ताटात अन्न निश्चित. नऊ वर्षे! स्वतःला मिरजेत जेवढा काळ मिळाला होता, जवळजवळ तेवढाच त्यांनी या मुलांना देऊ केला.

या वर्गात आपल्या मुलखातील मुले किती गेली पाहा. मिरजेचे विनायकराव पटवर्धन, जन्म १८९८, हे १९०७ साली नवव्या वर्षी लाहोरला गेले, तेही मिरज दरबाराची शिष्यवृत्ती घेऊन. कोल्हापूरचे शंकरराव व्यास आणि नारायणराव व्यास हे बंधू गेले. मिरजेचे बा. र. देवधर गेले, पुढे १९२५ साली त्यांनी मुंबईत आपली संगीतशाळा काढली. नवव्या वर्षाचे पोर आगगाडीत बसवून लाहोरला धाडणाऱ्या आईच्या मनाची काय अवस्था झाली असेल! पण आपले मूल उपाशी राहणार नाही आणि विद्या घेऊन येईल, एवढी खात्री त्या गृहस्थाच्या शब्दाने दिली होती.

१९०८ मध्ये महाविद्यालयाची शाखा मुंबईत निघाली, आणि तेथे गुजरातेतून एक गरीब मुलगा आला, ओंकारनाथ ठाकूर. भडोचच्या शहापूरजी मंचेरजी डुंगाजी नावाच्या पारशी शेटजींनी त्याचा आवाज ऐकला आणि त्याच्या शिक्षणाचा भार उचलून त्याला विष्णुपंतांकडे पाठवले. पुढे ओंकारनाथांचे नाव देशभर गाजले. त्या शेटजींचे नाव मात्र आज किती जणांना ठाऊक आहे? शिष्यवृत्ती देणाऱ्याचे भाग्य असेच. विहिरीचे पाणी पिणारा विहीर खणणाऱ्याचे नाव विचारीत नाही.

असेच एक उदाहरण बडोद्याचे. सयाजीराव महाराजांनी १८८६ सालीच मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली गायनशाळा काढली होती. पुढे पंडित भातखंडे यांचा शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर याला १९१७ मध्ये बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली, ती उस्ताद फैयाज खाँ यांच्याजवळ शिकण्यासाठी. एकीकडे भातखंड्यांचे शास्त्र आणि दुसरीकडे खाँसाहेबांची जिवंत गायकी, असा दुहेरी लाभ त्या तरुणाला झाला. लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून त्यांनी पुढे जे शिष्य तयार केले, त्यांच्या संख्येवरून बडोद्याच्या त्या रकमेचे व्याज मोजावे.

या सर्व यादीत मुली कोठे आहेत, असा प्रश्न घरातील भगिनी विचारतील, आणि तो विचारलाच पाहिजे. घरापासून शेकडो कोसांवर वर्गात राहून शिकणे त्या काळी मुलीला शक्यच नव्हते, आणि दरबारच्या वृत्तीही मुलांकडे जात. गोव्याच्या कुर्डी गावची मोगूबाई नाटक कंपनीत वाढली, आई लहानपणीच गेली. सांगलीत तिचा रियाज चालला असताना अल्लादिया खाँसाहेबांनी तो रस्त्यावरून ऐकला आणि आपण होऊन शिकवणे सुरू केले. शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात आलेले हे थोर गवई. पण ते मुंबईस गेले तेव्हा मोगूबाईला शिक्षणासाठी बिऱ्हाड मोडून मागोमाग जावे लागले, आणि पुढे कित्येक वर्षे तिच्या शिकवणीत खंड पडत राहिला. तिच्या मागे दरबार नव्हता, शेटजी नव्हता, करारपत्र नव्हते. ती मोगूबाई कुर्डीकर झाली आणि किशोरी आमोणकर यांची आई व गुरू झाली, हे तिचे स्वतःचे तेज. पण समाजाच्या खात्यावर त्याचे श्रेय मांडता येणार नाही.

विष्णुपंतांचा हिशेब मात्र शेवटी पैशात तोट्याचाच ठरला. इतक्या मुलांना फुकट जेवू घालून वर्षानुवर्षे शिकवावयाचे, त्यात मुंबईस मोठी इमारत बांधावयाची. कर्ज वाढत गेले आणि १९२४ च्या सुमारास ती इमारत लिलावात गेली. नाशिकला रामनामात त्यांचे उत्तरायुष्य गेले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी त्यांनी देह ठेवला तो मिरजेतच. पदरी झालेल्या अनेक अपत्यांपैकी एकच मुलगा उरला होता, दत्तात्रेय, वय अवघे दहा वर्षांचे. बापाने शेकडो मुलांना विद्या दिली आणि स्वतःच्या मुलाला शिकवावयाला तो उरला नाही.

येथे मिरजेची ती जुनी शिष्यवृत्ती पुन्हा कामाला आली. नवव्या वर्षी लाहोरला गेलेले विनायकराव पटवर्धन तेव्हा बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत होते. मान होता, मिळकत होती. गुरू गेल्यावर त्यांनी नाटक सोडले आणि १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. गुरूचा पोरका मुलगा तेथे शिकू लागला. विनायकराव आणि नारायणराव व्यास या गुरुबंधूंनी त्याला तयार केले. वयाच्या चौदाव्या वर्षी, १९३५ मध्ये, जालंधरच्या हरवल्लभ मेळ्यात तो गायला, आणि पुढे दत्तात्रेय विष्णू पलुसकर या नावाने त्याने रसिकांना वेड लावले. ऑक्टोबर १९५५ मध्ये, चौतिसाव्या वर्षी तो गेला. पण त्याच्या ध्वनिमुद्रिका आजही घरोघर ऐकल्या जातात. बाळासाहेबांनी विष्णूला दिले, विष्णुपंतांनी विनायकाला दिले, विनायकरावांनी विष्णुपंतांच्या मुलाला दिले. उसने दिलेले दाणे सुगीला दात्याच्याच कुळात नाही, पण शेजारच्या शेतात शंभरपटीने उभे राहिले.

संस्थाने गेली, दरबार गेले. आज हे काम सरकारकडे आणि काही संस्थांकडे आले आहे. दहा ते चौदा वर्षांच्या कलावंत मुलांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती १९८२ पासून सुरू झाली. अठरा ते पंचवीस वर्षांच्या तरुण कलावंतांसाठी दुसरी योजना झाली; तिच्यात दरमहा ५००० रुपये दोन वर्षे देण्याची तरतूद ठेवण्यात आली. महाराष्ट्र शासनानेही पंडित भीमसेन जोशी यांच्या नावाने शास्त्रीय संगीताच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती ठेवली. कलकत्त्यास १९७७ साली आयटीसी संगीत रिसर्च अकादमी निघाली. तेथे गुरू आणि शिष्य एकाच आवारात राहतात आणि शिष्याला निर्वाहाची रक्कम मिळते. पंडित उल्हास कशाळकर तेथे गुरू झाले. त्यांच्याजवळ शिष्य म्हणून गेलेले ओंकार दादरकर पुढे त्याच संस्थेत गुरू झाले. उपदेशक वर्गाचेच हे नवे रूप नव्हे काय?

या सर्वांचे कौतुक करून एकच गोष्ट सांगाविशी वाटते. दोन वर्षे आणि नऊ वर्षे यांत सात वर्षांचे अंतर आहे, आणि पुष्कळ गळे त्या सात वर्षांतच हरवतात. परीक्षेची प्रमाणपत्रे मिळतात, तालुक्याच्या स्पर्धेतले चषक कपाटात लागतात आणि मग घरचा खर्च पुढे येतो. आमच्या हुपरीत पैंजणाचा एक जोड पुरा होतो तो पुष्कळ हातांतून. कोणी चांदी आटवतो, कोणी पोलादी पट्टीच्या बारीक बारीक भोकांतून तार ओढतो, कोणी डाग लावतो, कोणी उजाळा देतो. मधला एक हात थांबला तर पहिल्या हाताची मेहनतही फुकट जाते. ज्या गावाला हे रोज डोळ्यांनी दिसते, त्या गावाला नऊ वर्षांच्या शिष्यवृत्तीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

राजा आता कोणी येणार नाही. पण एका गावातली पाचपंचवीस घरे मिळून एका मुलाची किंवा मुलीची नऊ वर्षांची भाकरी सहज उचलू शकतील. देताना अट एकच असावी. त्या मुलाने आपल्यापुढे मान खाली घालू नये, आणि आपल्या पायावर उभे राहिल्यावर पुढच्या एकाची भाकरी उचलावी. यंदाच्या दिवाळीत घरात फराळाची ताटे भरताना कोणा गोड गळ्याच्या पोराची आठवण झाली, तर त्याच्या आईला एवढेच विचारावे: मुलाचे गाणे कुठवर आले, आणि ते कशासाठी अडले आहे?